कोणी हात लावू नका

पडद्यावरची उत्पला मेश्राम रॅम्पच्या मधोमध अडकली, आणि पलंगावर बसून ते बघणारी खरी उत्पला मेश्राम इतक्या जोरात ओरडली की स्वयंपाकघरात बाबांच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"खोटं! साफ खोटं! बाबा, या बयेला बघा जरा. माझाच टी-शर्ट घातला, माझ्याच खुर्चीत बसली, आणि मधातच हारून राहिली!"

बाबा पिठाचे हात घेऊनच बाहेर आले. पडद्यावरच्या मुलीनं दोन्ही चाकं घट्ट धरली होती आणि तिचे खांदे थरथरत होते. मग ती हळूहळू मागे घसरायला लागली. चित्र तिथंच थांबलं आणि खाली लाल अक्षरं उमटली : एकटीचा प्रवास नामंजूर.

"शनिवारी यादी बंद होते," उत्पला म्हणाली. आवाज आता जरा खाली आला होता. "तोवर हे हिरवं नाही झालं तर घरवर्ग. दोन वर्षं, बाबा! या पलंगावर, या भिंतीकडे तोंड करून!"

दहावीला ती शाळेत पहिली आली होती. त्रिमूर्तीनगरच्या त्या कॉलेजात, जिथं गच्चीवर खरीखुरी मोठी दुर्बीण होती, तिथं सायन्सला तिचं नाव लागलं होतं. सगळं झालं होतं, उरला होता एकच रकाना : रोजच्या प्रवासाची मंजुरी. ती शहराचा 'सांगाती' हा संगणक देणार होता, आणि सांगाती नाही म्हणत होता.

सांगातीची गोष्ट मुळात फार चांगल्या मनानं सुरू झाली होती. शहरातल्या बस विनाचालक झाल्या, त्याच उन्हाळ्यात एक व्हीलचेअरवरचे गृहस्थ उड्डाणपुलावरच्या थांब्यावर अडकले. पुढची बस खचाखच भरलेली, लिफ्ट बंद, आणि वर नागपूरचं मे महिन्यातलं ऊन. ते वाचले, पण शहर हादरलं. त्यानंतर ठरलं, की अपंग प्रवाशाला नुसता रस्ता दाखवून भागणार नाही. तो माणूस त्या रस्त्यानं पोचेल याची आधी खात्री करायची.

त्यासाठी प्रत्येकाचं एक प्रतिरूप बनलं. म्हणजे संगणकाच्या पोटात राहणारा आपला जुळा. मनगटावरचा पट्टा नाडी आणि घाम सांगतो, चाकांच्या आसातले संवेदक कोणत्या चढावर किती जोर लागला ते सांगतात, आणि त्यातून तो जुळा हुबेहूब आपल्यासारखा थकायला, थांबायला, घसरायला शिकतो. तुम्ही कुठं जायचं म्हटलं की आधी तो जाऊन येतो. एकदा नाही, शेकडो वेळा. कधी गर्दीत, कधी उन्हात, कधी फरशी फुटलेली असताना. शंभरात पंच्याण्णव वेळा तो सुखरूप पोचला तर तुमचा प्रवास मंजूर. मग थांब्यावर बस स्वतःहून एका बाजूला झुकते, फळी खाली सोडते, आत जागा राखून ठेवते. अगदी राणीसारखं!

पण मंजुरी नसेल तर बस फळी सोडत नाही. पूर्वी एखादा ड्रायव्हर दया येऊन उतरला असता. आता बसमध्ये उतरायला कोणीच नव्हतं.

उत्पलाला आजवर हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण ती आणि बाबा अशी जोडी नोंदलेली होती. ती प्रवासी, ते सोबतकरी. जोडीचा नकाशा उघडला की अख्खं नागपूर हिरवंगार. फुटाळा तलाव, रेल्वे स्टेशन, सदर भागातली मावशी, शिवाय गोंदियाची गाडी पकडायचा फलाटसुद्धा, कारण आई गोंदियाला सरकारी दवाखान्यात नर्स होती. घराजवळ, इंदोऱ्याच्या कोपऱ्यावर बाबांचं ई-रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज होतं. ते उत्पलाला शाळेत सोडल्यावर उघडायचं आणि शाळा सुटायच्या आधी बंद व्हायचं. गिऱ्हाईकं त्याला शाळेच्या टायमाचं गॅरेज म्हणत.

"जोडीनं टाक ना," बाबा म्हणाले. "आत्ता हिरवं होते. मी येत जाईन रोज."

"कॉलेजात बापाला घेऊन कोण जाते, बाबा? तुम्ही काय शेवटच्या बाकावर बसणार?"

"बसीन. माझंही फिजिक्स कच्चंच आहे."

एरवी ती हसली असती. "मला हा रॅम्प येतो," ती म्हणाली. "कडुनिंब चौकाचा रॅम्प मी शंभरदा चढली आहे. तुमच्या डोळ्यांदेखत. सांगा ना त्याला!"

बाबा आत वळले आणि त्यांनी खाली पडलेलं लाटणं उचलून फुंकून पुसलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना ओढत सांगातीच्या मदत केंद्रात घेऊन गेली. तिथल्या फरजाना मॅडमना दिसत नसे. त्या प्रतिरूपांचे आलेख कानानं वाचत. जोर वाढला की सूर चढतो, थकवा आला की कापतो. कानातली बारीक यंत्रं सावरत त्या म्हणाल्या, "भांडायला आली ना? आवाजावरूनच समजलं. बस. म्हणजे बसलेलीच आहेस म्हणा. तुमची ही सोय बरी असते."

उत्पलाला बाई एकदम आवडल्या. "मॅडम, तुमचं यंत्र माझ्याबद्दल खोटं बोलून राहिलं. रॅम्प मी चढते आणि ते म्हणते नाही चढत."

"ऐकू आपण." मॅडमनी आवाज खोलीभर सोडला. बासरीसारखा एक सूर सुरू झाला. "हे तुझे हात. आता तू सपाट रस्त्यावर आहेस. छान चालली आहेस, गप्पा मारत असशील. आता चढ आला."

बासरी वर चढली, कापायला लागली, आणि तिच्याखालून एक दुसरा सूर आला. खर्जातला, शांत, मऊ. बासरी दमली की तो थोडा वाढे. चढ संपला की विरून जाई.

"हा कोणाचा?" उत्पलानं विचारलं.

"तेच मी विचारणार होते. खुर्ची पुढं जायला लागलेला जोर आणि तुझ्या हातांनी लावलेला जोर, यांचा मेळच बसत नाही. उरलेला मागून येतो. दर चढावर, आणि फक्त चढावरच. मेश्राम भाऊ?"

बाबा खुर्चीच्या मागे उभे होते, नेहमीच्या जागी. उत्पलाला मान वळवून त्यांच्याकडे बघता आलं असतं, पण तिनं बघितलं नाही.

"दोन बोटं," बाबा म्हणाले. "फक्त दोन बोटं लावत होतो मी. पाठीला. तिला समजू नये अशी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच, बेटा."

"सातवीत? शाळेच्या रॅम्पवर? मी पहिल्यांदा एकटी चढली म्हणून गल्लीत सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली, तेव्हाही?"

यंत्रातून दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाचा, दुसऱ्या कुठल्यातरी चढाचा सूर चालूच होता. वर बासरी आणि खाली तो. मॅडमनी हात लांबवून तो बंद केला.

उत्पलाला वाटलं, आपण एका गोड, मऊ, उबदार डब्यात वाढलो, आणि बाहेर आहोत असं समजून नाचत राहिलो. रडूही येईना. राग फार मोठा होता.

"इकडं लक्ष दे," फरजाना मॅडम म्हणाल्या. "तुझं प्रतिरूप कमजोर आहे असं मी म्हटलं नाही. ते अडाणी आहे. एकटी उत्पला त्यानं कधी पाहिलीच नाही. मग ते अंदाज बांधते. कधी तुला पहिलवान धरते, कधी पाखरू. जे माहीत नाही ते वाईटच धरून चालायचं, असं सांगातीला शिकवलं आहे. म्हणून लाल."

"मग मी एकटी फिरते. त्याला दाखवते."

"एकटीला मंजुरी नाही."

"कारण मी एकटी फिरली नाही?"

"हो."

"म्हणजे मी डब्यात बंद, आणि डब्याची किल्ली डब्यातच!"

"बरोब्बर. घरी बसलेल्याचा नकाशा असाच दिवसेंदिवस आक्रसत जातो. मी रोज पाहते. पाहते म्हणजे, ऐकते." मॅडम पुढे झुकल्या. "एक फट आहे. चाचणी फेरी. त्या दिवशी मंजुरी नसली तरी बस फळी सोडते. पण तू पूर्ण एकटी. सोबतकरी खुर्चीपासून लांब. वाटेत कोणाचाही हात खुर्चीला लागला की फेरी रद्द. एका हंगामात दोनच मिळतात."

परतीच्या बसमध्ये उत्पला खिडकीकडे तोंड करून बसली. घराजवळच्या छोट्या चढावर बाबा खुर्चीपासून चार हात लांब, मुद्दाम तिला दिसतील असे पुढं चालले. उत्पला तो चढ चढली, पण तोंडाला फेस आला. हा चढ आहे हेच तिला आजवर माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी ती पहिल्या फेरीला निघाली. बाबा म्हणाले, "पोहे खाऊन जा." ती म्हणाली, "नको." मदत केंद्रातून आल्यापासूनचं तेवढंच बोलणं.

पहिली बस छानच गेली. बस झुकली, फळी आली, ती चढली, आणि खिडकीतून एकटीला दिसणारा इंदोरा बघून ती स्वतःशीच हसली. तिच्या पाठीमागे कोणीही नव्हतं! वारासुद्धा वेगळा वाटत होता.

कडुनिंब चौकात खालच्या बसमधून उतरून वरच्या थांब्यावर जायचं होतं. रॅम्प लांबलचक, मधे दोन वळणं. पायथ्याशी तर्री-पोह्याची गाडी, तिच्याभोवती ऑफिसला जाणारी माणसं. उत्पलानं पहिला टप्पा धडाक्यात घेतला. दुसऱ्या टप्प्यावर दंड भरून आले. तिनं खुर्ची आडवी केली, दम घ्यायला थांबली.

थांबली, आणि घात झाला.

"अरे, पोट्टी अडकली ना!" पोहेवाले काका झारा टाकून धावले.

"काका, नाही! मी थांबली आहे फक्त. हात लावू नका!"

"लाजते काहून, बेटा? ये गोलू, तिकडून धर!"

"प्लीज, माझी परीक्षा चालू आहे—"

"परीक्षा आहे पोरीची! उशीर होऊन राहिला! धरा रे लवकर!"

सहा हात लागले. खुर्ची रॅम्पवरून वरातीच्या घोड्यासारखी वर निघाली, आणि तिच्या मनगटावरच्या पट्ट्यानं एक लांब, केविलवाणी शिट्टी दिली. फेरी रद्द. वर पोचल्यावर एका मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवून 'खूप शीक' असा आशीर्वाद दिला. काकांनी घाम पुसत विचारलं, "पेपर कशाचा आहे?"

"माणसांचा," उत्पला म्हणाली.

कोणावर रागावता येईना, हेच सगळ्यात वाईट होतं. गावातलं एकही माणूस वाईट नव्हतं. जो तो तिला उचलायला टपलेला होता.

त्या संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण घरात दुसरं होतं कोण? 'वरातीचा घोडा' ऐकून बाबांना हसू फुटलं, मग तिलाही, आणि हसता हसता ती रडायला लागली. बाबा तिच्याकडे सरकले, अर्ध्यात थांबले, आणि त्यांनी हात मागे घेतले.

"शुक्रवारी मी येतो," ते म्हणाले.

"तुम्ही? तुमच्या बोटांवर माझा भरवसा नाही, बाबा."

"माझाही नाही. म्हणून तर येतो. तिकडं पायथ्याशी उभा राहीन, लांब. मी हात लावायला नाही येऊन राहिलो. कोणाला लावू न द्यायला येतो."

शुक्रवारी ते खरोखरच आधीच्या बसनं जाऊन रॅम्पच्या पायथ्याशी उभे राहिले. उत्पला त्यांच्या बाजूनं पुढे गेली. नजरही दिली नाही तिनं. पहिला टप्पा तिनं या वेळी हळू घेतला. दुसऱ्या टप्प्यावर थांबली, आणि खालून ओळखीचा गलका सुरू झाला.

"ते पहा, अडकली पुन्हा! सरका हो भाऊ!"

"नाही सरकत," बाबांचा आवाज. "कोणी हात लावायचा नाही."

"अहो, पोरगी मरून राहिली तिकडं!"

"मरत नाही. दम घेऊन राहिली. माझी पोरगी आहे."

"तुझी पोरगी? आणि तू इथं खांबासारखा उभा? कसा बाप आहे बे तू!"

"लाज नाही वाटत?" दुसऱ्या कोणी तरी बाई. "जन्माला घातली कशाला मग?"

उत्पलानं चाकांवर हात टाकले. चढली, वळण घेतलं. आता शेवटचा टप्पा, आणि तिथं फरशी गुळगुळीत होती. घामानं तळवे सुटले. खुर्ची मागे घसरली. एक हात, दोन हात, भिंतीच्या कडेपर्यंत. खालून सगळे एकदम ओरडले. चाक रोखताना तिच्या तळव्याची साल निघाली. खुर्ची आडवी होऊन थांबली आणि तिचं तोंड नेमकं पायथ्याकडे झालं.

बाबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. दोन्ही हात पसरून, सगळ्या चौकाला अडवून. कोणी तरी त्यांची कॉलर धरली होती. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर धावत आले असते, हे तिला इतकं स्पष्ट कळलं की तिचा तो मोठा राग तिथंच कुठं तरी निसटून गेला.

वरून बस सुटल्याचा आवाज आला. तिची बस. आता घाई करण्यात काही अर्थ उरला नव्हता. तिनं ओढणीला तळवे पुसले आणि सुरुवात केली. थोडं चढायचं, आडवं व्हायचं, श्वास. थोडं चढायचं, आडवं व्हायचं, श्वास. राणीसारखं नाही, पहिलवानासारखं तर मुळीच नाही. गोगलगायीसारखी ती वर पोचली, नंतरची बस घेतली, आणि पहिला तास संपल्यावर कॉलेजच्या फाटकात शिरली. पट्टा एकदा टिकटिकला आणि गप्प झाला.

आपण नापास झालो, असं धरूनच ती घरी आली.

संध्याकाळी फरजाना मॅडमचा फोन आला. "ऐक," त्या म्हणाल्या, आणि काहीही न सांगता त्यांनी सूर लावला. एकटीच बासरी. खाली काही नाही. अडखळत, मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा सोडत.

"किती भिकार वाजते," उत्पला म्हणाली.

"भिकार आहेच. जोडीतल्या तुझ्यापेक्षा निम्म्यानं हळू. पण थांबल्यावर दर वेळी पुन्हा सुरू होते, आणि घसरली तरी स्वतःला थांबवते. सांगातीला हेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. हळू असलं तरी त्याला चालते, पोरी. भरवसा नसला तर चालत नाही. वेळ आडवी येते, म्हणून सकाळची सगळ्यात पहिली बस धर. त्या बसनं तुझं प्रतिरूप शंभरात शहाण्णव वेळा पोचते."

उत्पलाची किंकाळी ऐकून शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. बाबा फोनपाशी धावत आले.

"आता दुसरं ऐक," मॅडम म्हणाल्या. "एका माणसाला एकच प्रतिरूप. जोडीच्या आकड्यांत तुझं किती आणि भाऊंचं किती, ते वेगळं करायला मी दोन दिवस बसले. होत नाही. ते जुनं ठेवलं तर नवं नासते. एकटीचं घ्यायचं तर जोडी मोडावी लागेल, दोघांच्या अंगठ्यानं. आणि जोडी मोडली की जोडीचा नकाशाही जाईल."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं. "मी बरोबर असलो तरी?"

"तुम्ही शेजारी बसून जाऊ शकाल, भाऊ. पण बस तिच्यासाठी फळी सोडेल ती तिच्या एकटीच्या मार्गावरच. तो आज एकच आहे. बाकीचं शहर तिला पुन्हा मिळवावं लागेल. एकेक रस्ता, हंगामाला दोन फेऱ्या. उद्या सकाळपर्यंत ठरवा."

फोन बंद झाला. दोघं पडद्यासमोर बसून राहिले. जोडीचा नकाशा उघडाच होता, हिरवागार. तलाव, मावशीचं घर, आईच्या गाडीचा फलाट. उत्पला हिशेब करायला गेली आणि मधेच तिनं तो सोडून दिला. इतका वेळ तिला बाहेर पडायचं होतं. बाहेर एवढंसंच असेल, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आईला रविवारी इकडंच यावं लागेल," ती म्हणाली. "दर रविवारी. तिला ड्यूटी असली तरी."

"ते मी तिच्याशी बोलतो."

"आणि मी आजारी पडली आणि दवाखाना त्या एका रस्त्यावर नसला तर?"

"गल्लीतले सगळे उचलून नेतील. तुला ते किती आवडते, माहीत आहे मला."

ती हसली नाही. "बाबा, तुम्ही सांगा ना काय करू."

"नाही सांगत," बाबा म्हणाले. "सांगितलं तर तेही बोट लावल्यासारखंच होईल."

पडद्याच्या तळाशी अंगठ्यांसाठीचे दोन गोल चमकत होते. उत्पलानं सोललेला तळवा उघडला, मिटला.

"आधी तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "नाही तर मी सकाळवर टाकीन, आणि सकाळी मला भीती वाटेल."

बाबांनी अंगठा पँटला पुसला आणि पहिल्या गोलावर टेकवला. मग तिनं आपला ठेवला.

शहर विझत गेलं. आधी तलाव, मग स्टेशन, मग सदर. तिची शाळासुद्धा गेली. सगळं काळं झालं, आणि इंदोऱ्यापासून त्रिमूर्तीनगरापर्यंत, कडुनिंब चौकात एक वळण घेऊन, एक हिरवी रेघ उरली. इतकी बारीक की ती दिसावी म्हणून उत्पलाला पडद्याजवळ वाकावं लागलं.

"बघा ना बाबा," ती म्हणाली. "यात तुम्ही कुठंच नाही."

हे तिला ओरडून, नाचत म्हणायचं होतं. तसं ते निघालं नाही.

"दिसून राहिलं," बाबा म्हणाले. अंगठा उचलला तरी चालेल, असं यंत्रानं केव्हाच सांगितलं होतं, पण त्यांनी तो उचलला नव्हता.